पॉलिसी कुणाच्या नावावर?

गेल्या शनिवारी संध्याकाळी पिंट्या पहिल्यांदाच स्वतःची गाडी स्वतः चालवत कट्ट्यावर आला. २०१७ ची वॅगनआर, पुण्याचं पासिंग, दोन लाख चाळीस हजारांना घेतलेली. पोराचं वय बावीस, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर कामाला, हातात पगार एकोणीस हजार. पक्कं लायसन्स येऊन दीड महिना झालेला. गाडी लावताना तीनदा मागं-पुढं झाली. मेस्त्री उठून मागं उभे राहिले, "ये, ये, अजून ये, बास" करत त्यांनी गाडी भिंतीला लावून घेतली. पेढे वाटून झाले, सगळ्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मेस्त्रींनी बॉनेट उघडून बघितलं आणि "इंजिन चांगलंय मर्दा" म्हणाले. पिंट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आमचा कट्टा म्हणजे कोल्हापुरात, उद्यमनगरात मेस्त्रींच्या गॅरेजसमोर, चहाच्या गाड्याला लागून असलेली सिमेंटची बुटकी भिंत. मेस्त्री, गणिताचे निवृत्त मास्तर, वीस-बावीस वर्षं विम्याची एजन्सी करणारे अण्णा आणि मी, एवढे रोजचे. पिंट्या आमच्या गल्लीतला, लहानपणापासून इथंच बसणारा.

चहा आला तसा त्यानं मोबाइल पुढं केला. त्यावर विम्याचे तीन आकडे होते. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर तेवढ्यापुरती, २,४७१ रुपये. एका कंपनीची फुल पॉलिसी ६,७१९. दुसरीची ८,४८९. "पाच महिन्यांनी आत्ताची पॉलिसी संपतीय," तो म्हणाला. "तेव्हा ह्यातलं कुठलं घेऊ? मी नवीन ड्रायव्हर, वय कमी, म्हणून जास्त लावत्यात काय हे? यूट्यूबवर तसंच सांगत्यात."

"ते तिकडचं," अण्णा म्हणाले. "इंग्लंडात सतरा-अठरा वर्षांच्या पोराचा हप्ता कधीकधी जुन्या गाडीच्या किमतीच्या वर जातो. तिथं चालवणाऱ्याचं वय आणि अनुभव धरून हप्ता ठरतो. आपल्याकडं विमा मुळात गाडीचा. थर्ड पार्टीचा दर तर सरकारच ठरवतं. १००० सीसीपर्यंत २,०९४, १५०० पर्यंत ३,४१६, त्याच्या वर ७,८९७. जून २०२२ पासून हेच चाललंय. तुझी गाडी ९९८ सीसीची, म्हणजे २,०९४ आणि वर १८ टक्के जीएसटी. वय बावीस असू दे नाहीतर बासष्ट. ह्यात घासाघीस नाही, कुणी 'आमच्याकडं थर्ड पार्टी स्वस्त' म्हणाला तर त्याच्याकडनं उठायचं."

मास्तरांनी लगेच वजाबाकी केली. "म्हणजे खेळ फक्त ओडीचा. एकाची ३,६००, दुसऱ्याची ५,१००. गाडी तीच, आयडीव्ही तीच, आणि दीड हजारांचा फरक."

ओडी म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग. २००७ पासून त्याचे दर खुले झाले, तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपापला दर लावते. त्यामुळं चार ठिकाणी विचारलं तर इथंच पैसे वाचतात. मात्र विचारताना चारही ठिकाणी आयडीव्ही एकच धरायची, हे मी पिंट्याला दोनदा सांगितलं. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर हातात पडणारा आकडा. काही जण तो दोन लाख वीस हजारांवरनं दीड लाखावर आणून हप्ता कमी करून दाखवतात. ती स्वस्ताई नव्हे, सत्तर हजारांची गाडी विम्याबाहेर काढून ठेवणं आहे.

मास्तर आणि अण्णांची जुंपणार असं दिसत होतं. पण माझ्या डोक्यात 'आत्ताची पॉलिसी' हे दोन शब्द अडकले होते.

"पिंट्या, आत्ताची पॉलिसी कुणाच्या नावावर आहे?"

"पुण्याच्या मालकाच्या. एजंट म्हणाला, चालू पॉलिसी आहे, पाच महिने बघायला लागत नाही."

"गाडी घेऊन किती दिवस झाले?"

"आज नववा."

मेस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं.

२०१४ साली मी अशीच जुनी डिझेल गाडी घेतली होती. पॉलिसीला सात महिने बाकी, एजंटचं हेच वाक्य, आणि मी निवांत. तिसऱ्या महिन्यात रात्री सांगली फाट्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळलो. ट्रॉलीला मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसता काळा अंधार पुढं उभा. जीव वाचला, पुढचा सगळा भाग गेला. कंपनीचा सर्व्हेअर आला, फोटो काढले, गाडीच्या नोंदणीचा कागद म्हणजे आरसी बघितली, पॉलिसी बघितली आणि म्हणाला, "आरसीवर तुम्ही, पॉलिसीवर दुसरेच." क्लेम नामंजूर. बासष्ट हजारांचं बिल मी आठ महिने हप्त्याहप्त्यानं ह्याच मेस्त्रींना दिलं. त्यांनी एकदाही तोंडानं मागितलं नाही. पण दर महिन्याच्या सात तारखेला ह्या कट्ट्यावर बसताना मला जे वाटायचं ते मी विसरलेलो नाही.

कायदा असा आहे की गाडी विकली की थर्ड पार्टीचं कवच नव्या मालकाकडं आपोआप आलं असं धरलं जातं. मोटार वाहन कायद्याचं कलम १५७. म्हणजे पिंट्याच्या हातून कुणाला लागलं तर त्या माणसाची भरपाई अडत नाही. पण ओडी आपोआप येत नाही. त्यासाठी गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत कंपनीकडं अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, विक्रीचा कागद, विम्याचा नवा अर्ज म्हणजे प्रपोजल फॉर्म.

"आणि जुन्या मालकाचा एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओडीत सूट देणारा बोनस, पन्नास टक्के असणार," अण्णा म्हणाले. "तो त्याचा. गाडीबरोबर येत नाही. उरलेल्या दिवसांचा फरक भरायला लागेल."

"किती?" पिंट्याचा आवाज जरा उतरला होता.

मास्तरांनी पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण उलटं केलं आणि मेस्त्रींच्या कानावरची पेन्सिल घेतली. ओडी मुळात ३,६०० धरली तर मालकानं निम्मी, १,८०० भरली. उरलेल्या १,८०० तले पाच महिन्यांचे ७५०. जीएसटी १३५. बदलाची फी ५०. सगळे मिळून ९३५.

"नऊशे पस्तीस," मास्तर म्हणाले. "सोमवारी सकाळी. गुरुवारी चौदावा दिवस आहे, गुरुवारपर्यंत थांबायचं नाही."

इथपर्यंत सगळे एका बाजूला होते. पुढं फाटलं ते मास्तरांनीच काढलेल्या युक्तीवरनं.

पिंट्याच्या वडिलांनी दीड वर्षापूर्वी त्यांची ओम्नी विकली. वर्षानुवर्षं क्लेम नाही, पन्नास टक्के एनसीबी, आणि गाडी विकताना अण्णांनी त्यांना कंपनीकडनं एनसीबीचं पत्र घेऊन ठेवायला लावलेलं. ते पत्र तीन वर्षं चालतं. "मग झालं की!" मास्तर म्हणाले. "आरसी अजून बदलायचीच आहे ना? वडिलांच्या नावावर करा. त्यांचा बोनस ह्या गाडीला लागेल. लायसन्स असलेल्या कुणीही मालकाच्या परवानगीनं गाडी चालवली तरी विमा लागू असतो. ओडीतले १,८०० आणि त्यावरचा जीएसटी ३२४. दरवर्षी २,१२४ रुपये वाचले."

अण्णा म्हणाले, बरोबर आहे, नियमात बसतं. पिंट्या खूश झाला. महिन्याच्या पगारात पेट्रोल, गाडीच्या कर्जाचा हप्ता, घरी द्यायचे पैसे बसवणाऱ्या पोराला दोन हजार म्हणजे काय ते मला समजतं. तरी मी नको म्हणालो, आणि तिथनं तासभर वाद चालला.

माझं म्हणणं एवढंच होतं: गाडी पिंट्या चालवणार. रोज हायवेनं गोकुळ शिरगावला जाणार, फर्स्ट शिफ्ट असली की सकाळी सातला निघणार, सेकंड शिफ्ट असली की रात्री परत येणार. पॉलिसीबरोबर जो पंधरा लाखांचा अपघात विमा सक्तीचा असतो, तो 'ओनर-ड्रायव्हर'चा असतो. म्हणजे आरसीवर ज्याचं नाव त्याचा. गाडी वडिलांच्या नावावर केली तर ते पंधरा लाख वडिलांचे, आणि वडील तर आता गाडीला हात लावत नाहीत. स्टिअरिंगवर जो बसणार त्याला काही झालं तर त्याच्या मागं काय?

"थर्ड पार्टी आहे की," मास्तर म्हणाले.

"त्याच्यासाठी नाही," अण्णा हळू आवाजात म्हणाले. आत्ता मघाशी 'नियमात बसतं' म्हणणारे तेच. "निंगम्मा म्हणून केस आहे, सर्वोच्च न्यायालयाची, २००९ ची. कर्नाटकातलं प्रकरण. एक माणूस दुसऱ्याची मोटरसायकल मागून घेऊन निघालेला. पुढं लोखंडी पत्र्यांची बैलगाडी होती, तिच्यावर आदळून गेला. बायकोनं भरपाई मागितली. कोर्टानं सांगितलं, गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा असतो, त्यामुळं मोटार वाहन कायद्याच्या तेव्हाच्या कलम १६३-अ खाली त्याच्या घरच्यांना मालकाच्या विम्यातनं मागता येत नाही."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. पिंट्या हातातला ग्लास फिरवत राहिला.

मास्तर हार मानणारे नव्हेत, आणि त्यांचा मुद्दा सोडण्यासारखाही नव्हता. "मग पोराच्या नावानं वेगळी अपघात पॉलिसी काढा. पंधरा लाखांची. किती पडेल, अण्णा?"

"हजार-दीड हजारात बसेल."

"बघा! तरी सहाशे-सातशे वाचले."

"वडिलांचा सक्तीचा विमा भरायचाच राहिला की वर. तो निघाला की काय उरतं?" मी म्हणालो. "आणि बोनस कुणाचा वाढतोय? पिंट्या पाच वर्षं नीट गाडी चालवेल, आणि पाच वर्षांनी स्वतःच्या नावावर गाडी घेईल तेव्हा त्याचा एनसीबी शून्य. आज त्याच्या नावावर सुरू केलं तर पहिल्या बिनक्लेम वर्षानंतर वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास. एनसीबी गाडीचा नसतो, माणसाचा असतो. नवीन ड्रायव्हरकडं स्वतःची म्हणून दुसरी कुठली मिळकत आहे?"

मास्तर म्हणाले, आजचे पैसे आज लागतात. मी म्हणालो, आज लागतात ते दुसरीकडनं काढू. कुठनं, असं त्यांनी विचारलं, आणि तेव्हा मेस्त्री पहिल्यांदा नीट वादात उतरले.

"हिकडं बघा," म्हणाले आणि आम्हाला गाडीच्या मागं घेऊन गेले. मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर बोटभर लांब चरा होता. ताजा. पिंट्यानं मान खाली घातली. आदल्या दिवशी गेटच्या खांबाला लागला होता. "नवीन पोरगं म्हणजे हे असं होणारच. पहिल्या वर्षात चार वेळा होईल. लाज कशाची? पण ह्याच्यापायी क्लेम टाकायचा का, ते बघू. बंपर बदलला समजा, २,४००. रंगकाम २,४००. मास्तर, लिवा."

मास्तरांनी झाकणावर लिहिलं. बंपर प्लास्टिकचा, कंपनी निम्मे कापते, मिळाले १,२००. रंगाच्या बिलातला पाव भाग माल धरतात, ६००, त्यातले निम्मे कापले, मिळाले २,१००. एकूण ३,३००. त्यातनं छोट्या गाडीला सक्तीचे १,००० आपल्या खिशातले. हातात २,३००, आणि खिशातनं गेले २,५००. वर पुढच्या वर्षीचा वीस टक्के बोनस गेला, तो जीएसटी धरून साडेआठशेचा, आणि शिडीची पहिली पायरी गेली.

"म्हणजे नफा दीड हजाराच्या खाली," मेस्त्री म्हणाले. "आणि मी ह्याच बंपरला प्लास्टिक वेल्डिंग करून, रंग मारून अठराशेत देतो. मग क्लेम कशाला?"

"मग व्हॉलंटरी डिडक्टिबल घ्या," अण्णांनी धागा पकडला. पहिले अडीच हजार आणखी मी सोसतो असं लिहून द्यायचं, ओडीत २० टक्के सूट, जास्तीत जास्त ७५० रुपये. जुन्या टॅरिफपासूनचा हिशोब, बहुतेक कंपन्या अजून तसाच धरतात. ३,६०० वर ७२०, जीएसटीसकट ८५०. म्हणजे असल्या चऱ्यांवर तसंही क्लेम करायचा नसेल तर त्या हक्काचे पैसे कशाला भरायचे?

मला ते पटलं. मास्तरांना पटलं नाही. "पगार एकोणीस हजार. मोठा अपघात झाला तर एकदम साडेतीन हजार खिशातनं आणायचे कुठनं?" मेस्त्री म्हणाले, "माझ्याकडनं. सावकाश द्यायचे." ते हे सहज बोलले. मी मात्र दुसरीकडं बघितलं.

शंभर रुपयांची एक सूट मात्र चुकूनही घेऊ नको, हे अण्णांनी पिंट्याला बजावलं. थर्ड पार्टीत दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत भरून मिळतं. ती मर्यादा सहा हजारांवर आणायला तयार असाल तर हप्त्यात शंभर रुपये कमी. आजकाल सहा हजारांत कुणाच्या गाडीचा एक हेडलाइट येत नाही. आणि जुन्या पॉलिसीवर क्लेम झालेला असताना फॉर्मवर 'क्लेम नाही' अशी टिक मारून एनसीबी घेणं, हा दुसरा खड्डा. कंपन्या एकमेकांकडनं तपासून घेतात, आणि खोटं निघालं की नेमकं गरजेच्या दिवशी ओडीचं कवच जातं.

आता राहिला पिंट्याचा मूळ प्रश्न: नुसती थर्ड पार्टी का फुल? वर्षाला ४,२४८ चा फरक. नऊ वर्षांची जुनी गाडी, त्यामुळं झीरो डेप, म्हणजे पार्टच्या पैशातनं झीज न कापणारी जोड, सहसा मिळत नाही, आणि इंजिनच्या नुकसानीची जोड, इंजिन प्रोटेक्ट, तीही नाही. मास्तर नुसत्या थर्ड पार्टीच्या बाजूचे. दोन हजार दंड टळतो, दुसऱ्याची भरपाई होते, आपल्या गाडीचं आपण बघू. दुसरीकडं राहणारं पोरगं असतं तर कदाचित मीही मान डोलावली असती.

पण पिंट्या राहतो शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या तोंडाला. ऑगस्ट २०१९ ला तिथं पंचगंगेचं पाणी घरात होतं, जुलै २०२१ ला परत. दोन्ही वेळा शिरोलीला हायवे बंद, शहर अडकलेलं. पाणी उतरल्यावर मेस्त्रींच्या दारात गाड्यांची रांग लागली होती, ती आम्ही सगळ्यांनी बघितली आहे. सीटवर चिखलाचा थर, डॅशबोर्डच्या फटीतनं पाणी ठिबकतंय, आणि आत तो कुजका वास. ज्यांची फुल पॉलिसी होती त्यांना काहीतरी हातात आलं. नुसत्या थर्ड पार्टीवाल्यांना पुरासाठी एक रुपया नाही.

"आणि फुल असून पण लोकं बुडली," मेस्त्री म्हणाले. "पाण्यात उभी असलेली गाडी चालू करून बघायची हौस. चावी फिरवली की पाणी सिलिंडरमध्ये, कनेक्टिंग रॉड वाकला, इंजिन खल्लास. कंपनी म्हणते पुरानं नाही, तुमच्या हातानं झालं. पिंट्या, गाडीत पाणी गेलं तर चावीला हात लावायचा नाही. मला फोन करायचा. मी टोचन करून आणतो."

ह्या एका कारणासाठी मी फुलच घे म्हणालो, निदान ह्या घरात राहतोय तोवर. मास्तर म्हणाले, त्यापेक्षा पावसाळ्यात गाडी माझ्या दारात लाव, राजारामपुरीत पाणी येत नाही. दोन्ही करतो, असं पिंट्या म्हणाला.

सोमवारी दुपारी तो सेकंड शिफ्टला जाण्याआधी आला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या होत्या, गाडी स्वतःच्या नावावर करायचं त्यानं ठरवलं होतं. वडिलांचं म्हणणंही तेच पडलं म्हणे. अण्णांनी प्रपोजल फॉर्म भरायला घेतला. चॅसी नंबर आरसीच्या झेरॉक्सवर पुसट आला होता, म्हणून मेस्त्री बॅटरी घेऊन गाडीत वाकले आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचू लागले. मास्तर चष्मा पुसून फॉर्मवर बोट ठेवून बसले. शेवटून चौथा आकडा अण्णांनी तीन लिहिला होता, गाडीवर आठ होता. मास्तरांनी फॉर्म बाजूला ठेवून नवीन मागितला. खाडाखोड चालणार नाही म्हणाले, पहिल्यापासून लिहा.